जुन्या व्हायोलिनची किंमत आणि त्याचा नाद

आमच्या सोलापुरात जुन्या घरांतील माळ्यावर कधी कधी आजोबांचे व्हायोलिन सापडते. त्याच्या छेदातून आत टॉर्च मारली की धुळीखाली स्त्रादिवारी या इटलीतील विख्यात व्हायोलिनकाराच्या नावाची पिवळी चिठ्ठी दिसते आणि घरचे लोक मोठ्या आशेने ते वाद्य माझ्याकडे घेऊन येतात. मला त्यांना सांगावे लागते की एकोणिसाव्या शतकापासून जर्मनी, फ्रान्स आणि बोहेमियातील कारखान्यांनी ही चिठ्ठी असंख्य वाद्यांत चिकटवली. वाद्य कोणत्या नमुन्यावर बेतले आहे, एवढेच ती सांगते. खाली 'मेड इन जर्मनी' असे छापले असेल, तर पुढे बोलायलाच नको.

क्रेमोनाचा अंतोनियो स्त्रादिवारी 1737 मध्ये वारला आणि त्याची सुमारे 650 वाद्ये आज शिल्लक आहेत. त्यांपैकी 1721 सालचे 'लेडी ब्लंट' 2011 मध्ये 1 कोटी 59 लाख डॉलरना विकले गेले आणि ती रक्कम जपानमधील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी गेली, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र एवढी किंमत येण्यामागचे एक मोठे कारण असे की, ते फारसे वाजवलेच गेले नव्हते आणि म्हणून जवळजवळ मूळ स्थितीत राहिले होते. म्हणजे बोली लागते ती दुर्मिळतेला, वाद्याच्या खात्रीशीर इतिहासाला आणि शाबूत लाकडाला. नादाचा हिशेब निराळा आहे. त्या काळातील बहुतेक व्हायोलिनांच्या माना पुढे लांब केल्या गेल्या, आतील बास-बार, म्हणजे वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या लांब लाकडी पट्ट्या, बदलले गेले आणि आतड्याच्या तारांची जागा बऱ्याच अंशी नव्या तारांनी घेतली. त्यामुळे आज मैफलीत ऐकू येणारा आवाज खुद्द स्त्रादिवारीने ऐकलेलाच नाही.

2012 मध्ये पॅरिसजवळ 10 नामवंत वादकांना काळे चष्मे लावून जुनी-नवी वाद्ये वाजवायला दिली, तेव्हा त्यांपैकी 6 जणांनी नवे वाद्य पसंत केले. यावरून जुनी वाद्ये हलकी ठरत नाहीत. पण केवळ वयामुळे नाद श्रेष्ठ होतो, हा समज मात्र टिकत नाही.

आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात आणि तारा पाश्चात्त्य पद्धतीपेक्षा बहुधा उतरवून लावतात. अशा वेळी मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाताना, खर्जाची तार भरून बोलते की नाही, हे मी आधी ऐकतो. तेथे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची उंची आणि आत उभ्या असलेल्या साउंडपोस्ट नावाच्या काडीची जागा फार महत्त्वाची ठरते. ती बारीकशी काडी केसभर सरकली तरी बसका आवाज मोकळा होतो.

मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे गेला की अशा वाद्यांचे सांधे उकलतात. जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस मुद्दामच बेताचा चिवट ठेवलेला असतो, म्हणजे ताण आला की सांधा सुटतो आणि वरची स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची पातळ फळी तडकण्यापासून वाचते. तेथे बाजारातील पांढरा गोंद भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात लाकूडच फाटते. म्हणून आजोबांचे व्हायोलिन विकण्याच्या विचारात असलेल्यांना मी आग्रहाने सांगतो, की आधी सांधे सरसाने जोडून घ्या, घोडी नवी बसवा, तारा बदला आणि महिनाभर घरातल्या कुणाला तरी त्यावर रियाज करू द्या. किंमत त्यानंतर विचारा.