दोन लाइनींचा फोन

आजचा अख्खा शनिवार कॉर्डलेस फोन निवडण्यात गेला! इथे न्यू जर्सीत घरची एक लाइन, ह्यांच्या कामाची दुसरी; दोन्ही एकाच हँडसेटवर घेता यायला हव्यात. मी डेक्ट ६.० ह्या बिनतारी तंत्राच्या फोनवरच अडून बसले. तो १.९ गिगाहर्ट्झवर चालतो, २.४ वाल्या वायफायच्या वाटेला जात नाही. बेस तेवढा जॅकजवळ, बाकीच्या हँडसेटना नुसता विजेचा प्लग पुरतो.

खरी गोम वायरीत. दोन लाइनींना चार तारा लागतात: मधली लाल-हिरवी जोडी पहिलीची, कडेची काळी-पिवळी दुसरीची. दोनच तारांची वायर लावली की दुसरी लाइन मुकी. (दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.)

सासूबाई म्हणाल्या, "असाच एक पुण्याला नेते." म्हटलं, आई, तिकडे डेक्टची फ्रिक्वेन्सी वेगळी, हा तिथे चालवायचा नाही. त्या अजून रुसल्यात.