फायरमनची तयारी म्हणजे पोलीस भरतीची तयारी नव्हे

अग्निशामक भरतीसाठी घाम गाळणारी बहुतेक मुलं-मुली पोलीस भरतीच्याच बॅचमध्ये पळत असतात. पळण्याचा तोटा काहीच नाही, मुंबईच्या भरतीत 800 मीटर धावावं लागतंच. पण ट्रेनिंगमध्ये माणसं अडतात ती पकड, पायऱ्या आणि श्वास या तीन ठिकाणी.

त्याआधी कागदाचं बघा. मुंबई अग्निशमन दल बारावी झालेल्यांना घेतं आणि निवडीनंतर स्वतः शिकवतं. 2022 अखेरच्या 910 जागांच्या जाहिरातीत उंचीची अट पुरुषांना 172 सेंमी आणि महिलांना 162 सेंमी होती. इतर अनेक महापालिका आणि नगरपरिषदा मात्र अर्ज करतानाच सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स झालेला मागतात. तो कोर्स कुठल्या संस्थेचा चालेल, हे जाहिरातीत नावानिशी लिहिलेलं असतं. सहसा कलिन्याच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचं नाव असतं. गल्लोगल्ली ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा’चे बोर्ड दिसतात. तिथे फी भरण्याआधी दोन-तीन जुन्या जाहिराती काढून ती अट वाचा. हा डिप्लोमा खासगी कंपनीत उपयोगी पडेल, पण पालिकेच्या टेबलावर फाइल बाजूला पडते. रंगांधळेपणाची तपासणीही आत्ताच करून घ्या. वर्षभर मेहनत करून मेडिकलला बाद होण्यात काय अर्थ आहे?

आता पकड. 63 मिमीचा 30 मीटर होज (आग विझवायचा पाइप) पाण्याने भरला की आतल्या पाण्याचंच वजन 93 किलोच्या आसपास जातं. 20 मिमीच्या नोझलमधून 7 बार दाबाने पाणी सुटलं की मिनिटाला सुमारे 700 लिटर बाहेर पडतं आणि ब्रांच (होजच्या टोकाची, हातात धरायची नळी) साधारण 45 किलोच्या जोराने मागे रेटते. म्हणून ब्रांचवर दोघं लागतात. एकाने हात सोडला तर ती सापासारखी उसळते आणि माणसं जखमी होतात. याची तयारी डंबेलने फारशी होत नाही. ओला टॉवेल बारवर टाका आणि त्याला लटका. सुरुवातीला 20 सेकंद जमले तरी पुरे, पुढे मिनिटापर्यंत न्या. दोन हातांत 20-20 लिटरचे भरलेले जार घेऊन 50 मीटर चाला, थांबा, परत या. दोर चढताना सगळा भार हातांवर घेणारे अर्ध्यावरून घसरतात, तळवेही सोलवटतात. दोर एका पावलावरून घेऊन दुसऱ्या पावलाने दाबायला शिका, म्हणजे शरीर पाय उचलतात आणि हात फक्त धरून ठेवतात.

जंपिंग शीटमधल्या, म्हणजे खाली माणसांनी ताणून धरलेल्या चादरीतल्या उडीत उभं पडायची सवय मोडावी लागते. पाय समोर घेऊन बसल्यासारखं पाठ-कुल्ह्यांवर पडायचं असतं. पावलांवर पडलात तर गुडघा आणि घोटा जातो, शिवाय शीट धरणाऱ्यांनाही हिसका बसतो. पण शिकवणारा माणूस समोर नसेल तर घरच्या गच्चीवरून हा प्रयोग करू नका.

पायऱ्या चढण्या-उतरण्यासाठी खांद्यावर वाळूची गोणी घ्या. 20 किलोपासून सुरू करा आणि आठवड्याला दोन-तीन किलोच वाढवा. एकदम 50 किलो उचलणाऱ्यांची कंबर आधी बोलते. गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना, म्हणून उतरण्याचा सराव वेगळा आणि सावकाश करा. खांद्यावर माणूस घेण्याची फायरमन्स लिफ्ट परीक्षेत हवीच. मात्र धूर वर साचतो, त्यामुळे धुराच्या खोलीत माणसाला काखेत धरून जमिनीलगत ओढणंच सुरक्षित असतं. भरलेली गोणी मागे सरकत ओढण्याचा सरावही ठेवा.

श्वासाचं गणित तर मुलांना कोणी सांगतच नाही. बीए सेट म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधायचा हवेचा संच. त्याचा 6 लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की त्यात ढोबळमानाने 1800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटं होतात. पण 50-55 बारला हवा संपत आल्याची शिट्टी वाजते आणि तोवर बाहेर पडलेलं असायला हवं, म्हणजे हातात राहिले सुमारे 1500 लिटर. धापा टाकणारा माणूस मिनिटाला 80 लिटरही ओढतो, मग त्याची हवा 19 मिनिटांतच संपते. या 19 मिनिटांत जाणं आणि येणं दोन्ही आलं. प्रेशर गेज बघून परत फिरायचं ठरवताना येण्याची हवा जाण्याच्या हवेपेक्षा जास्त धरा, कारण परतताना माणूस दमलेला असतो आणि कधी वाटही चुकतो.

म्हणून पायऱ्या चढताना लय पकडा. बोलता येईल इतकाच वेग ठेवा आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्या. आणि दाढी काढा. दाढीच्या केसांमुळे मास्क चेहऱ्याला नीट चिकटत नाही. आत दाब जास्त असल्याने हवा त्या फटीतून सतत बाहेर जाते आणि शिट्टी लवकर वाजते. दोन दिवसांची खुंटंही त्याला पुरेशी असतात.