तुम्ही विचारलंत म्हणून: बी पॉझिटिव्हला कोण विचारतंय?

सांगली-मिरजेकडच्या रक्तदान शिबिरांत सुई टोचायचं काम माझ्याकडे असतं. खाटेवर आडवा झालेला एखादा तरी विचारतोच, "आमचा आपला बी पॉझिटिव्ह. गल्लीत सगळ्यांचाच तो. आमच्या रक्ताला कोण विचारतंय?"

अहो, गल्लीत सगळ्यांचा तोच, म्हणजे दवाखान्यात पडलेल्यांचाही तोच! शिबिरातले शंभर दाते घेतले तर ओ आणि बी मिळून दोन-तृतीयांशाच्या आसपास भरतात. कधी ओ पुढे, कधी बी. ए साधारण पाव हिस्सा, एबी बहुधा दहाच्या आत. निगेटिव्ह सगळे मिळून पाचेक. शिबिराला पुरुषच जास्त येतात, पण त्याने ही वाटणी बिघडत नाही, कारण ए-बी-ओ ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. मिरजेत अथणी, विजापूरकडून येणाऱ्या पेशंटांतही थोड्याफार फरकाने हीच वाटणी. त्यामुळे फ्रिजमधला बी पॉझिटिव्हचा कप्पा भरतोही पटकन आणि रिकामाही पटकन होतो. इंग्लंडात बी गटाची माणसं शंभरात दहाएकच. तिथे हा प्रश्न कुणी विचारत नसेल.

दुर्मिळ गटाचं कौतुक मलाही आहे. बॉम्बे ग्रुप तर आपल्याकडचाच शोध. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 1952 मध्ये मुंबईत नोंदवला. या गटाच्या माणसांच्या रक्तपेशींवर ए, बी ही प्रतिजनं (गट ओळखायच्या खुणा) तर नसतातच, पण ओ गटात असणारं एचही नसतं. नुसत्या पेशी तपासल्या तर कार्डावर 'ओ' लागतो. सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, ओ पेशींशी लावून पाहिलं की खरं कळतं. या माणसांना ओ निगेटिव्हही चालत नाही, बॉम्बेच लागतो. अशांनी, आणि निगेटिव्हवाल्यांनीही, गर्दीच्या शिबिरात रक्त देण्यापेक्षा फोन नंबर देऊन ठेवावा. रक्ताची पिशवी साधारण 35 दिवस टिकते, पुढे टाकूनच द्यावी लागते. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस.

आणि बी पॉझिटिव्हवाल्यांनो, शिवजयंतीला, गणपतीत, साहेबांच्या वाढदिवसाला तुम्ही येताच. (साहेब स्वतः क्वचित आडवे होतात, ते सोडा.) ओढाताण होते ती मे महिन्यात. कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन. ऑपरेशनं मात्र थांबत नाहीत, आणि थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी लागतेच. तेव्हा या. जेवून या, पाणी पिऊन या, दुपारी चारनंतर आलात तरी चालेल.