दुसरा गाल आणि दिमिष्कातली पाटी

बायबलातलं मत्तय 5:39 सांगतं, उजव्या गालावर कुणी मारलं तर दुसराही पुढे कर. त्याच मत्तयात 10:23 ला प्रभू शिष्यांना सांगतो, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. मग सोसायचं की निघायचं? रास्ता पेठेतल्या आमच्या महिला मंडळात परवा हे एका तरुण सुनेनं विचारलं. (तिला विचारूनच लिहितेय.) नवरा हात उचलतो. सासरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्याच बायबलात गालाच्या वचनाखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारून दिलीय. इतकी दाबून, की पान मागून उमटलंय. ते पाहून जीव तळमळला माझा.

मी तिला योहान 18 काढायला सांगितलं. प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. विचारतो, मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? हात उगारला नाही, पण मार मुकाट गिळलाही नाही.

येशूचा प्रेषित पौलही तसाच. दिमिष्कात (म्हणजे दमास्कसात) त्याला धरायला पहारा बसला, तेव्हा पाटीत, म्हणजे टोपलीत बसून तटावरून उतरला आणि निसटला. फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी निरोप आला, सोडलंय, जा. तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. आणि हाच पौल रोमकरांस लिहितो, सूड घेऊ नका, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. मला यात विरोध दिसत नाही. सूड मना केलाय. दाद मागणं नाही.

लूक 22 मध्ये येशू शिष्यांना तलवार घ्यायला सांगतो, त्यावर बोट ठेवणाऱ्यांनी तोच अध्याय पुढे वाचावा. वार शिष्यानं केला, तुटलेला कान येशूनं बरा केला.

पौलाला रोमी कायदा होता, हिला 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तिनं शेवटी विचारलं, "मग मत्तय 5:44 मधल्या, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, या वचनाप्रमाणे ह्यांच्यासाठी प्रार्थना करायची ना?"

आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "कर की. माहेरी राहून कर."

शनिवारी आम्ही दोघी तिच्यासोबत पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे अशा बायकांच्या मदत कक्षात, जातोय.