आमची वाटचाल: वखार, वादळ आणि श्रीवर्धनी रोठा

श्रीवर्धनच्या आमच्या सुपारीच्या पेढीवर ‘स्थापना 1978’ अशी पाटी दिसते ती नवी आहे. जुनी 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात उडाली आणि कुणाच्या वाडीत जाऊन पडली ते अजून कळलेलं नाही.

ज्यांना नुसता इतिहास हवा त्यांच्यासाठी तो असा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तात्यांबरोबर भागीत सुपारीची खरेदी सुरू केली. तात्या थकल्यावर मी गादीवर बसलो. 1996 मध्ये स्वतःची वखार बांधली, सोलायचं यंत्र आणलं, पुढे मुलगा हाताशी आला. 2009 च्या फयान वादळात कौलं गेली म्हणून वखारीवर पत्रे घातले. बाकी वर्षं बरी गेली. बऱ्या वर्षांचं कुणी काही विचारत नाही.

तात्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण या धंद्यातलं मला जे येतं ते त्यांचं आहे. त्यांना अक्षरओळख सहीपुरती. पण वाळत घातलेल्या सुपारीतून एक उचलून कानाशी हलवली की आतला गर सुटून वाजतोय की नाही यावरून ते सांगत, ‘अजून आठ दिवस ऊन दे.’ आजकाल लोक ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतात. आमच्याकडेही आहे. मी अजून आधी कानाशी नेतो आणि मग यंत्र लावतो. त्यांचा अडकित्ता साधा लोखंडी, नक्षी नाही, घुंगरू नाही. खालचं पातं इतकं झिजलेलं की नवशिक्याच्या हातात सुपारी निसटायची. पोत्याच्या तोंडाची सुपारी ते कधी कापत नसत, हात कोपरापर्यंत आत घालून तळातली काढत. कापलेल्या फोडीत पांढरा भाग भरपूर, तांबड्या रेघा बारीक आणि दाताखाली मऊ, तर तो आपला रोठा, म्हणजे श्रीवर्धनी सुपारी. तो अडकित्ता आजही गल्ल्यात आहे. धार लावायला दुसऱ्या कुणाच्या हातात मी देत नाही.

आता त्या वर्षाचं.

आमच्याकडे पाडप, म्हणजे झाडावरून सुपारी काढणं, दिवाळीच्या सुमारास सुरू होते ती माघ-फाल्गुनापर्यंत चालते. सुपारी अंगणात सव्वा-दीड महिना वाळते, मग सोलणी, मग प्रतवारी. म्हणजे माल खऱ्या अर्थाने बाहेर पडतो तो मार्च-एप्रिलमध्ये. 2020 च्या मार्चअखेर देश बंद झाला. पानटपऱ्या बंद, पुण्या-मुंबईची मार्केटं बंद, ट्रक मिळेना. लग्नसराई तर झालीच नाही. हंगामभर लोकांकडून घेतलेला माल वखारीत थप्प्या लावून तसाच राहिला, आणि वाडीवाल्यांचे, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांचे, पैसे मी निम्मे दिले होते, निम्मे द्यायचे होते. अशा वेळी निसर्ग आलं. नाव ठेवणाऱ्याची कमाल आहे.

वादळाचं वर्णन करत बसत नाही, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. दुपारनंतर त्याने दिशा बदलली आणि सकाळी जी झाडं तगली होती ती तेव्हा गेली. वाडीत नुकसान इतकं का झालं ते बाहेरच्यांना समजत नाही. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, उंच आणि खोडाला बारीक, मुळं वरवरची, खाली वाळूची जमीन. त्यात मधला एखादा फणस किंवा आंबा उन्मळला की तो एकटा पडत नाही, ओळच्या ओळ खाली घेतो. आणि पोफळीला, नारळाला शेंडा एकच. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. पोफळीचा शेंडा मोडला की खाली वीस हात खोड सरळ उभं असलं तरी ते झाड मेलेलंच. पंचनाम्याला आलेल्या एका तरुण साहेबांनी अशी बिनशेंड्याची खोडं ‘उभी झाडं’ म्हणून लिहायला घेतली होती. वाडीच्या मालकाने त्यांना हात जोडून थांबवलं.

वखारीचे पत्रे दुपारी गेले. पाऊस थेट थप्प्यांवर. सोललेली सुपारी एकदा भिजली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते, आतून काळी पडते आणि मग ती डागी म्हणून जाते, पाव भावाने. उन्हाळा असता तर अंगणात पसरली असती. जूनमध्ये ऊन कुठलं? पंखा लावावा तर वीज नाही, आणि वीज गावात यायला महिना उलटला. काही वाड्यांना तर त्याहून उशीर. म्हसळ्याकडचा रस्ता झाडांनी भरलेला, फोन मुके. ताडपत्री मिळवायला मुलगा चालत गेला आणि दुप्पट भावाने घेऊन आला. घराच्या पडवीत, माजघरात, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत सुपारी पसरली. हिने रोज तिन्हीसांजेला चुलीत सुपारीचीच सोडणं, म्हणजे वरची सालं, घालून धूर केला. आमच्या घराच्या तुळयांना तो वास अजून आहे. निम्म्याहून थोडा कमी माल वाचला. उरलेला मातीमोल.

विम्याबद्दल सांगतो. पॉलिसीत वादळ धरलेलं होतं, हप्ते वेळेवर होते. पाहणीला आलेल्या माणसाचं म्हणणं असं की पत्रे वादळाने गेले हे मान्य, पण माल भिजला तो नंतरच्या पावसाने. मी म्हटलं, मग पत्रे कशासाठी असतात? बऱ्याच पत्रव्यवहारानंतर जे मिळालं त्यात नवे पत्रे बसले, माल नाही बसला. तेव्हा कुठलाही धंदा करणाऱ्याने ऐकून ठेवावं: छप्पर उडालं तर ताडपत्री घालायच्या आधी फोटो काढा, आतल्या मालासकट, चारी बाजूंनी. आणि साठ्याची वही वखारीत ठेवू नका.

सरकारी मदतीचं गणित वाडीवाल्यांचं, पण त्यांच्यावरच माझं पोट, म्हणून बोलतो. आधी हेक्टरी 50 हजार जाहीर झाले. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे हेक्टर कुणाकडे आहे? वाड्या गुंठ्यांत. गुंठ्याला पडले पाचशे. पुढे झाडावर मदत धरली, नारळाला 250 आणि सुपारीला 50. पोफळ लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात. त्यात सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची पंधरा-वीस नावं, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. वाडीचं शिपणं, म्हणजे पाणी देणं, करणारा एक आणि संमतीच्या सह्या सगळ्यांच्या. कितीतरी जणांचे पैसे त्या सह्यांपायी अडकले.

मी दुकान बंद करायच्या विचारात होतो. ते झालं नाही ते पुण्याच्या एका शेटमुळे. हे आमचं अण्णांच्या वेळचं गिऱ्हाईक, मसाला सुपारी करणारं घर. माणूस गोड वगैरे अजिबात नाही. प्रत्येक पोत्यातल्या दहा सुपाऱ्या फोडणार, त्यातली एक जरी काळी निघाली तर फोन करून अर्धा तास बोलणार, आणि पैसे चार महिन्यांनी देणार. त्या जुलैत रस्ते मोकळे झाल्यावर त्यांचा पोरगा गाडी घेऊन दारात. गाडीत ताडपत्र्या, मेणबत्त्या, दोन पोती तांदूळ, आणि मागची सगळी बाकी रोख, मुदतीच्या आधी. सोबत हिशेबाचा कागद. त्यात रोखीचा दोन टक्के वटाव, म्हणजे सूट, मात्र कापलेला होता! मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्या पैशांतून वाडीवाल्यांची देणी भागवली. नंतर शेटनी फोनवर सांगितलं, ‘माल पावपट आला तरी चालेल. बाहेरचा मिसळून पाठवू नका.’

आणि इथूनच खरी तक्रार सुरू होते.

वादळानंतरच्या हंगामात श्रीवर्धनी सुपारी बाजारात जवळपास नव्हती. ज्या वाडीतून पूर्वी मणांनी माल यायचा तिथून टोपलीभर येत होता. तरीही मुंबईत ‘श्रीवर्धनी रोठा’ हवा तेवढा मिळत होता, आणि आमच्यापेक्षा स्वस्त. कसा? बाहेरच्या एका व्यापाऱ्याने जवळच गाळा भाड्याने घेतला. रात्री दक्षिणेकडचा ट्रक उतरायचा, सकाळी पोती बदलून तोच माल रवाना. नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. दक्षिणेची सुपारी वाईट असं माझं म्हणणं नाही, तिचं गिऱ्हाईक वेगळं. पण ती तिच्या नावाने विका. कहर म्हणजे एक दिवस ओळखीच्या दलालाने मला बोलावून पोतं दाखवलं. त्यावर आमच्याच पेढीचा छाप. आमचं रिकामं बारदान जुन्या पोत्यांच्या बाजारातून उचललेलं, आत त्यांचा माल. अर्ज केले, चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर विचारत, पोत्यात तुमची सुपारी नाही हे सिद्ध कसं करणार? मी तात्यांचा अडकित्ता टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, हा पुरावा होत नाही.

तेव्हापासून आम्ही पोत्याचं तोंड आतून हिरव्या दोऱ्याने शिवतो आणि आत त्या वाडीच्या आळीचं नाव व पाडपाचा महिना लिहिलेली चिठ्ठी टाकतो. रिकामं बारदान शेटकडून परत मागवतो. भाड्याचा खर्च जातो. जाऊ दे.

वाडीवाल्यांना दोन गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. वादळानंतर झाडांमधले गाळे मोकळे झाले म्हणून लोकांनी घाईने रोपं लावली आणि उन्हाने होरपळवली. पोफळीच्या रोपाला सावली लागते. आधी केळ लावा, ती उभी राहू दे, मग तिच्या आडोशाला रोप. जी जुनी झाडं वाचली त्यांच्या खोडांना आता पश्चिमेचं ऊन लागतं, साल करपते, चिरते, आणि दोन-तीन वर्षांनी तिथूनच झाड मोडतं. खोडाला त्या बाजूने झावळ बांधा, फुकटची आहे. रोपं गावातल्या सुपारी संशोधन केंद्रातून घ्या, रस्त्यावरच्या टेम्पोतून नको. आणि दोन पोफळींमध्ये नऊ फूट म्हणजे नऊ फूट. दाट लावून जास्त उत्पन्न येतं हे आपल्याला कुणी शिकवलं देव जाणे, कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजून गळण्याचा रोग, तिथूनच शिरतो.

एक गोष्ट कुठल्याच पंचनाम्यात आली नाही. पूर्वी वाडी दाट होती तेव्हा चढणारा गडी एकदा वर गेला की शेंड्यावरूनच झाड झुलवून शेजारच्या पोफळीवर जायचा. अख्खी ओळ पाडून मग खाली. आता मध्ये मोकळं आहे. प्रत्येक झाडाला उतरायचं, पायात फास अडकवून पुन्हा चढायचं. काम निम्मं आणि मजुरी दुप्पट. जुने गडी म्हणतात गुडघे गेले, तरुण पोरं कंपनीत जातात. दांड्याला विळा लावून खालून पाडायचे प्रयोग मुलगा करतोय. घोस दोरीने झेलावा लागतो, नाहीतर सुपारी आपटून फुटते. अजून हात बसलेला नाही.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, त्यातही काही रोपं लोळली. पुन्हा लावली. आता निसर्गनंतरच्या पहिल्या रोपांना पोय, म्हणजे फुलोरा, फुटायला लागली आहे. सगळ्या नाही, पाणी वेळेवर मिळालं त्यांना. माल पूर्वीसारखा व्हायला अजून काही वर्षं जातील आणि तोवर भाव चढाच राहणार, त्यावरून माझ्याशी घासाघीस करू नये. नवा माल होळीनंतर वखारीत येतो. पोतं इथेच फोडून दाखवू, तळातली सुपारी काढून. शिवण हिरवी नसेल तर तो माल आमचा नाही, त्याबद्दल मला फोन करू नका.