टिचकी

तीन दिवस झाले, ती टिचकी काही डोक्यातून जात नाही.

एका दिवसात दोन वर्कशॉप पाहिले. दोन्हीकडे कोब्राच बनत होती, ती जुनी स्पोर्ट्स कार, म्हणजे तिच्यासारखी. पहिल्या ठिकाणी फायबरची बॉडी नुकतीच साच्यातून सुटलेली, अजून रंग नाही, नुसती घोडीवर ठेवलेली. ते फुगीर मडगार्ड, ते आ वासलेलं तोंड. खरंच भरून आलं. आणि हात आपोआप पुढे गेला. मडकं घेताना मारतात तशी टिचकी मारली. ठक्. पत्र्याचा आवाज नाही. माझा चेहरा पडला आणि रोलर हातात घेऊन समोर उभ्या असलेल्या त्या माणसानं तो पडताना पाहिला.

बोलला काहीच नाही. तेच खातंय.

तासभर त्याचं काम पाहिलं होतं मी. साच्याला मेण, वर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग काचतंतूंची मॅट, रेझिन, आणि रोलरनं एकेक बुडबुडा दाबून बाहेर. आत हवा राहिली तर पुढे उन्हात रंगाला फोड येतो, म्हणाला. रेझिन धरायच्या आत उरकायचं, म्हणून बोलतानाही हात चालूच. दुसरीकडे ॲल्युमिनियमवाले डोळे मिटून तळव्यानं पत्रा चाचपत होते. तिथे टिचकी मारायचं मला सुचलंसुद्धा नाही!

मी हा असाच. कुणी जीव लावून काही दाखवावं आणि मी वाजवून बघावं. नानांच्या पेटीच्या वेळीही हेच... जाऊ दे.

काल रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. 1962 मध्ये कॅरोल शेल्बी या माजी अमेरिकन रेसरनं इंग्लंडच्या एसी कंपनीची ‘एस’ गाडी घेतली आणि तिच्यात फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं. म्हणजे अस्सल कोब्रा तीच मुळात जोडकाम. सुरुवातीला गाडी एकच होती, सीएसएक्स 2000. मासिकवाल्यांना चालवायला देताना दर वेळी तिला नवा रंग फासायचे, गाड्या धडाधड निघताहेत असं वाटावं म्हणून. तीच 2016 मध्ये लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. अंथरुणात एकटाच हसलो.

आणि यानं तर मला दारातच सांगितलं होतं, “फायबर आहे हो, आधीच सांगतो.” मग मी वाजवून काय पाहत होतो?

निशा म्हणते, फोन करून सॉरी म्हण. काय म्हणू? टिचकीबद्दल सॉरी?

रविवारी त्याला बॉनेट बसवून बघायचं आहे, धरायला एक माणूस कमी पडतो म्हणत होता. जाईन म्हणतो. दोन्ही हात बॉनेटला असले की तेवढीच खात्री.