तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं खेळतातच, मग शिकतात कधी?

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांची ताई आहे. पालक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हेच: "ताई, बघावं तेव्हा मुलं खेळतच असतात. मग शिकतात कधी?" विचारणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते, काळजी असते. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, आपलं पोर अजून वाळूतच रमलंय, पुढे मागे पडलं तर? दारात उभ्याउभ्या या काळजीचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे: खेळताना मुलाला स्वतःचे प्रश्न पडतात आणि ते सोडवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आपण शिकवायला बसलो की प्रश्नही आपला असतो आणि उत्तरही आपल्याच खिशात असतं. मुलाकडे उरतं ते फक्त ओळखणं, की ताईंना काय ऐकायचंय.

ठोकळ्यांचंच घ्या. चार वर्षांची मुलगी पूल बांधतेय. दोन खांब उभे केले, वर फळी ठेवायला गेली, तर फळी पोचेना. तिने फळी उलटी करून पाहिली. उलटी केली म्हणून लांबी वाढत नाही हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. ती ते हाताने तपासून घेतेय. मग दुसरी फळी आणली, तीही तेवढीच निघाली. मग ती थांबली आणि बराच वेळ बघत बसली. अशा वेळी शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या अगदी ओठांवर येतं, "अगं, खांब जवळ घे ना!" ते बोलायचं नाही. थोड्या वेळाने तिने खांब सरकवला, पण जरा जास्तच. फळी बसली, पण आता खालून गाडी जाईना. पुन्हा खटपट. शेवटी खांबांमधलं अंतर फळीपेक्षा कमी आणि गाडीपेक्षा जास्त, असं बरोब्बर जमलं. दोन अटी एकाच वेळी सांभाळणारं गणित तिने एकही आकडा न वापरता सोडवलं, आणि हे गणित तिला कोणी घातलेलं नव्हतं.

हे काही आजचं खूळ नाही. जर्मनीत फ्रिडरिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, आणि तिथे मुलांच्या हाती दिले ते लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, तुकड्यांत सुटणारे ठोकळे. आज जगभर ज्या वर्गांना आपण केजी म्हणतो, त्यांची सुरुवात खेळण्यांपासून झाली. वह्या त्यात फार नंतर शिरल्या.

"पण आपण दाखवलं तर लवकर शिकेल ना?" हा पुढचा प्रश्न. दाखवलेलं लवकर शिकतं, हे खरं आहे. अडचण वेगळीच आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना एक मुद्दाम बनवलेलं खेळणं दिलं. त्यात चार गमती लपवल्या होत्या: एक नळी ओढली की आवाज यायचा, एके ठिकाणी दिवा लागायचा, एके ठिकाणी सूर वाजायचे, एका नळीत आरसा होता. काही मुलांना सांगितलं, "हे खेळणं असं चालतं, बघ," आणि आवाजाची गंमत करून दाखवली. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज जणू चुकून झाला. ज्यांना नीट शिकवलं होतं, ती मुलं आवाज काढत बसली आणि लवकर थांबली. बाकीच्यांनी जास्त वेळ खटपट केली आणि इतर गमतीही जास्त शोधल्या. मुलांच्या बाजूने पाहिलं तर हे अगदी शहाणपणाचं आहे: जाणकार माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आणखी काही नसणारच. मला हा प्रयोग वारंवार आठवतो, विशेषतः नवीन साहित्य वर्गात आणताना. मी ते मधोमध ठेवते आणि काही न सांगता बाजूला होते.

आता खोटं-खोटं खेळणं. डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान, बाहुलीचं घर. मोठ्यांना हा निव्वळ वेळ घालवणं वाटतं, आणि माझ्या मते वर्गातला सगळ्यात कसदार वेळ हाच. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाकडे लक्ष वेधलं होतं. डोळ्यांना काठी दिसतेय आणि मन तिला घोडा म्हणतंय. म्हणजे वस्तू आणि तिचा अर्थ यांची फारकत मूल पहिल्यांदा करायला शिकतंय. पुढे कागदावरची वाकडी रेघ म्हणजे एक आवाज, आणि दुसरी एक खूण म्हणजे पाच वस्तू, हे मानायला हीच ताकद लागते.

त्यातच आणखी एक गोष्ट घडते. एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारा मुलगा पेशंट झाला की डोळे मिटून पडून राहतो. नाकावर केस आला तरी हलत नाही, कारण पेशंट हलत नसतो. शेजारी डॉक्टरीणबाईंना आपल्याच हातातलं इंजेक्शन दुसऱ्या डॉक्टरला द्यायचं नसतं, पण "आता तुझी पाळी" असं आधी ठरलंय, म्हणून ती देते. मनाला आवर घालणं आपण रागावून शिकवायला जातो तेव्हा जमत नाही, आणि इथे मुलं तो आवर आपणहून घालतात, कारण नियम मोडला तर खेळच मोडतो. भांडणं होतात, रडारड होते, पुन्हा तह होतो. मी लगेच मध्ये पडत नाही. कोणाला लागेल असं दिसलं तरच उठते.

अंकांचंही तसंच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "चार बाहुल्यांना एकेक वाटी दे" म्हटलं की कधीकधी तीनच वाट्या येतात, कधी सहा. म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी बाहुली उपाशी राहिली हे कळलं की मूल पळत जाऊन एक वाटी आणतं. त्या एका वाटीत मोजणं आलं.

चित्रांबद्दल मात्र एक कळकळीची विनंती. बक्षीस लावू नका. 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका बालशाळेत ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा ठेवले, तेव्हा हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. बक्षिसाबद्दल काही न सांगितलेल्या मुलांच्या जवळपास निम्मा वेळ त्यांनी चित्रांना दिला. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक हाती मिळालं, त्यांची आवड टिकून होती. म्हणजे बक्षिसाने नव्हे, बक्षिसासाठी काढण्याने बिघडलं. "वा, किती छान!" हेही मी जपून वापरते. त्याऐवजी "इथे तू खूप जोरात रंग दाबलायस" असं जे दिसतंय ते म्हटलं, की मूल पुढचं स्वतःच सांगू लागतं.

लिहिण्याची घाई असेल तर मुलाच्या मनगटाकडे पाहा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी तिथे फक्त कूर्चा असते आणि तिचं हाड व्हायला पुढे कित्येक वर्षं लागतात. माती मळणं, चिमटीने मणी ओवणं, कागद फाडणं, पाणी पिळणं यांतून हाताला बळ आणि वळण येतं. त्याआधी पेन्सिल घट्ट धरून ओळीवर ओळी गिरवायला लावल्या, तर हात दुखतो आणि लिहिणं नकोसं होतं.

म्हणून शिकवायचंच नाही असं मी म्हणत नाही. अक्षर आणि आवाज यांचं नातं कोणीतरी दाखवावंच लागतं, ते ठोकळ्यांतून आपोआप उगवत नाही. गोष्टी वाचून दाखवाव्या लागतात, भरपूर बोलावं लागतं, नवे शब्द द्यावे लागतात. पण दिवसाचा मोठा भाग मुलाच्या प्रश्नांसाठी मोकळा हवा.

घरी काय करायचं, तर फार थोडं. एकाच पद्धतीने चालणारी खेळणी कमी, आणि ज्यांचं काहीही होऊ शकतं अशा वस्तू जास्त: खोके, दोऱ्या, झाकणं, जुन्या चादरी, माती, पाणी. सलग तासभर तरी कोणी न उठवणारा वेळ. मूल अडलं तर लगेच उत्तर न देता "तू काय काय करून पाहिलंस?" एवढं विचारा. आणि अर्धवट राहिलेलं बांधकाम आवराआवरीत मोडू नका. खोलीचा एक कोपरा त्याला द्या, पसारा तिथे रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी मूल तिथूनच पुढे सुरू करतं, आणि काल अडलेलं कित्येकदा आज सुटतं.